काळुरामच्या गाडीचं डावं दार

इकडेतिकडे शोधू नका. स्टिअरिंगला वाचा नाही, हॉर्नला एकच शब्द येतो, आणि इंजिन बोलतंय असं वाटतं तेव्हा ते खोकत असतं. बोलतोय तो मी. पुढच्या डाव्या दाराच्या पोटात, पत्र्याच्या आड बसलेला खटका. दार लावताना जो ‘खट्’ असा आवाज येतो, तो माझा.

मी तळहाताएवढा. माझ्यात एक जबडा, एक दात, एक स्प्रिंग, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं लोखंडी घर. समोर गाडीच्या खांबावर एक खुंटी असते. दार आलं की माझा जबडा तिला पकडतो, दात जबड्याला अडवतो, आणि स्प्रिंग त्या दाताला हलू देत नाही. मग तुम्ही हँडल ओढेपर्यंत सोडायचं नाही, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं आहे. सत्तावीस वर्षं कुणाला तरी असं धरून दाखवा, मग बोलू.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यातला. आईबाप आठवत नाहीत, फक्त वरून आलेला छाप आठवतो. ज्या दिवशी मला दारात बसवलं, त्याच दिवशी समोर खुंटी बसवली. पत्रिका नाही, अंतरपाट नाही. एका माणसानं दार आपटून बघितलं, ‘चालेल’ म्हणाला, आणि आमचं लग्न लागलं. दिवसातून वीस वेळा ताटातूट आणि वीस वेळा भेट, असा संसार कुणाच्या वाट्याला येतो? भांडायला वेळच मिळाला नाही.

पहिले मालक पेणमधले एक वकील. गोड बोलायचे. पण माणूस तोंडानं काय बोलतो यावर मी कधीच विसंबत नाही, तो दार कसं लावतो ते बघतो. खटला जिंकून आले की वकीलसाहेब दोन बोटांनी दार लावायचे. हरले की खांद्यासकट. घरात बाईसाहेबांशी वाजलं असेल तर त्या दाराचा असा दणका द्यायच्या की मागच्या काचेवरची पाल सरळ धरमतरच्या खाडीत जाऊन पडायची. एकदा तर मी स्वतः बघितली. दारात बसून खाडी कशी दिसली, ते विचारू नका.

आणि निरोप. दार लावून झालं की काच खाली करायची आणि ‘निघतो, निघतो’ म्हणत अर्धा तास बोलायचं. मग गाडी सुरू झाली की पिशवी विसरली म्हणून पुन्हा दार उघडायचं. माझी निम्मी झीज या पिशव्यांनी केली आहे.

चौदा वर्षांपूर्वी गाडी काळुरामकडे आली.

काळुराम पेणच्या खाडीकाठचा, तीन पिढ्या मिठागरावर राबलेला. त्याच्या बनियनला मीठ, भुवयांना मीठ, पावलांच्या भेगांत मीठ. तो गाडीत बसला की माझ्या अंगाला खाज सुटायची. एका उधाणाला खाडीचं पाणी अंगणात आलं, गाडीत आलं आणि माझ्यातही आलं. पाणी गेलं, पण एक निवटी मागं राहिली. चिखलात उड्या मारणारा तो मासा माहीत आहे ना, तीच. तीन दिवस तिनं माझ्या पोटात बिऱ्हाड केलं. दार लागलं की आतून शेपटी आपटायची आणि काळुराम म्हणायचा, ‘हल्ली दार दोनदा वाजतं.’ खोटं वाटत असेल तर पुढं वाचा, पुरावा निघणार आहे.

मोठं वादळ झालं तेव्हाचीही गोष्ट आहे. गावातले पत्रे पतंगासारखे उडत होते. वाऱ्यानं दाराची कड धरली आणि ओढायला लागला. मी खुंटी सोडली असती तर दारासकट गाडी थेट रोह्याच्या बाजारात उतरली असती. मी सोडली नाही. पण त्या दिवसापासून माझ्या दातात कळ राहिली.

आता काळुरामचं खरं कसब सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध घालतात. त्या बांधात पावसाचं पाणी बाहेर सोडायला लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. उघाडीच्या फळ्या बसवताना थोड्या सैलच बसवायच्या. लाकूड पाणी प्यालं की फुगतं आणि फट आपोआप मिटते. किती सैल ठेवायचं, ते फक्त हाताला कळतं. या कामात काळुरामसारखा दुसरा माणूस त्या बाजूला नव्हता. कुठल्या गावची उघाडी गळली की त्यालाच बोलावणं. त्यामुळे त्याचा विश्वास लाकडावर आणि सुंभाच्या दोरीवर. लोखंडाला तो पाहुणा समजायचा. ‘मिठात लोखान टिकत नाय,’ म्हणायचा. माझ्यासमोर म्हणायचा. मी ऐकून घ्यायचो.

पण तो म्हणत होता त्यात थोडं तथ्य होतं. माझ्या जबड्याचं नाक झिजलं, दात बोथट झाला, स्प्रिंगनं मान टाकली. आधी नुसती खडखड सुरू झाली. मग गाडी उजवीकडे वळली की दार आपण होऊन उघडायला लागलं. वडखळच्या एका वळणावर काळुरामच्या बायकोच्या, सीताबाईच्या मांडीवरची सुकटीची पिशवी बाहेर गेली. मागून येणाऱ्या कुत्र्यांनी त्या दिवशी मला किती आशीर्वाद दिले असतील.

रामवाडीच्या विठू मिस्त्रीकडे गाडी नेली. विठू कामाला चोख आणि जिभेला तिखट. दार दोनदा हलवून म्हणाला, “काळूदादा, ही गाडी आता भंगारात दे. नायतर दार काढून उघाडीला लाव, तिथं तरी शोभंल.”

काळुरामला ते लागलं. तेव्हापासून तो रामवाडीतून जाताना विठूच्या गॅरेजवरून जात नसे, मागच्या गल्लीनं वळसा घालून जायचा. आणि दाराला त्यानं सुंभाची दोरी बांधली. हँडलपासून सीटच्या खालपर्यंत, बैलाला बांधावी तशी.

अशा दोरीनं बांधलेल्या अवस्थेत मी श्रावणात वरशाला गेलो.

वरसे म्हणजे रोह्याला खेटून असलेलं गाव. काळुरामची एकुलती एक लेक मनाली तिथं दिलेली. जावई निलेश कंपनीत शिफ्टवर. मनालीला सातवा लागला म्हणून डोहाळजेवण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे जेवण झाल्यावर बोलणी झाली ती लेकीला कधी न्यायचं याची. विहीणबाई, म्हणजे निलेशच्या आई कृष्णाबाई, पाहुण्यांना पोचवायला गाडीपर्यंत आल्या आणि दाराकडे बघत उभ्याच राहिल्या.

“व्याही, ही दोरी कसली?”

“दार जरा सैल झालंय, विहीणबाय. काय घाबरायचं नाय.”

“मी कुठं घाबरतेय? मी नाय बसणार त्यात. बसणार माझी सून.”

“मग भाड्याची गाडी करतो,” सीताबाई मधेच म्हणाली.

“भाड्याची नको. गेल्या साली माझ्या भावजयीला नेताना ड्रायवरला वाटेत दुसरं भाडं मिळालं, त्यानं तिला कासूला उतरवून दिलं. आणि असली माणसं गाडी काय हाकतात, हिला तर ओकाऱ्या होतील.” कृष्णाबाईंनी पदर खोचला. “न्यायची तर बापानं न्यायची. तुमी गाडी हळू हाकता, ते मी बघितलंय. पण दार धड करून या. आणि पितरांचा पंधरवडा, पितरपाट, लागायच्या आत या. पितरपाट लागला की मी सून हलवणार नाय, आणि पितरपाट संपला की डॉक्टर हलवू देणार नाय. मग बाळ हितंच होईल.”

त्यात वाईट काही नव्हतं. कृष्णाबाईंनी सुनेला फुलासारखं जपलं असतं. पण मनाली आईचा हात धरून उभी होती आणि तो सोडत नव्हती. सीताबाईनं जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांची चळत आधीच लावून ठेवली होती. परत येताना वडखळ आलं तेव्हा ती म्हणाली, “धड करा ते दार.”

काळुरामनं दार धड केलं. स्वतःच्या पद्धतीनं.

घरामागं जुन्या उघाडीची एक फळी पडली होती. तिचा अंगठ्याएवढा तुकडा त्यानं तासला, चुलीजवळ वाळवला आणि माझ्या जबड्यात, झिजलेल्या जागी, पाचर म्हणून ठोकून बसवला. दार लावून बघितलं. हललं नाही, वाजलं नाही. काळुराम खूश. मी घुसमटलेला. खुंटी माझ्याकडे बघून काय समजायचं ते समजली. पण आमचं ऐकतो कोण?

गौरी-गणपती गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी काळुराम आणि सीताबाई मनालीला आणायला निघाले. दोरी सोडलेली, दार कसं ताठ. कासूपासून नागोठण्यापर्यंत पावसाची बुरबुर होती. आमच्या काचेच्या रबराला भेगा आहेत, त्यातून पाणी दाराच्या आत उतरतं. थेंब थेंब माझ्यावर पडत होता आणि ती पाचर पाणी पीत होती. मला ऐकू येत होतं. तहानलेला माणूस पितो तसं.

वरशाला सीताबाई उतरताना दार जरा अडलं. “नवं काम हाय, कडक असायचंच,” काळुराम म्हणाला.

चहा झाला, जेवण झालं, मनालीच्या पिशव्या मागच्या सीटवर चढल्या. कृष्णाबाई म्हणाल्या, “थांबा. आधी मी बसून बघते.”

बसल्या. बाई अंगानं भरलेल्या. सीटनं दीर्घ श्वास सोडला. त्यांनी दार धरलं आणि असं ओढून घेतलं की उंबऱ्यावरची मांजर जागी झाली. खट्. पाचर, जबडा, खुंटी, सगळे एकात एक रुतले.

“बसलं की झकास,” कृष्णाबाई म्हणाल्या. हँडल ओढलं. पुन्हा ओढलं. “व्याही?”

“जोरात ओढा, विहीणबाय.”

“ओढतेय.”

“तुमी आतनं ढकला, मी भायेरनं खेचतो.”

काळुरामनं खेचलं, निलेशनं काळुरामला खेचलं. गाडी हलली, दार नाही.

“आई, ड्रायवरच्या बाजूनं ये ना,” निलेश म्हणाला.

“गियरवरून? सगळी आळी गोळा झालीय, आणि मी गियरवरून पाय टाकून उतरू? त्यापेक्षा हितंच ऱ्हाते.”

आळी खरंच गोळा झाली होती. एकानं खोबरेल तेल आणलं, दुसऱ्यानं उकळतं पाणी. पाणी बघून काळुरामनं हात जोडले, “पाणी नको, पाणी अजिबात नको.” तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता. खिडकीतून चहाचा कप आत गेला, रिकामा बाहेर आला. शेजारच्या नम्रतानं निवडायला वालाच्या शेंगा दिल्या, त्याही बाईंनी मांडीवर घेतल्या. मनाली पायरीवर बसून हसत होती, पोट धरून.

“हसू नको गो, दुखंल,” कृष्णाबाई खिडकीतून म्हणाल्या. “व्याही, हे दार नेमकं कधी उघडतं?”

“ऊन पडलं की, विहीणबाय. लाकूड फुगलंय. ऊन लागलं की दोन तासांत आकसतं.”

“आणि आज ऊन नाय पडलं तर?”

काळुरामनं आभाळाकडे बघितलं. “उद्या पडंल.”

शेवटी निलेशनं फटीतून करवतीचं पातं सरकवलं आणि पाचर कापायला घेतली. पाऊण तास. पात्याचे ओरखडे माझ्या अंगावर अजून आहेत. दार उघडलं, कृष्णाबाई उतरल्या, लुगडं सारखं केलं, शेंगांचं ताट नम्रताला परत दिलं. सगळे हसत होते. त्या हसत नव्हत्या.

“व्याही, आत मी होते. मला काय, चहा मिळाला, गप्पा झाल्या. आत ही असती आणि हिला कळा आल्या असत्या तर? तुमी उन्हाची वाट बघत बसला असता?”

 काळुरामनं मागचं दार उघडलं. मनालीच्या पिशव्या मागच्या सीटवरून उतरल्या, एकेक करून. गाडी निघाली तेव्हा ती खिडकीशी आली आणि अगदी हळू म्हणाली, “बाबा, मला आयेपाशीच व्हायचंय.” सीताबाईनं खिडकीतून तिच्या गालावर हात ठेवला. कृष्णाबाईंनी ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं करून घरात गेल्या.

मी पुष्कळ वर्षं काळुरामच्या दारात आहे, पण असं कधी झालं नव्हतं. पेणपर्यंत त्यानं गाडी इतकी हळू चालवली की एक गाय आम्हाला मागं टाकून गेली. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या गल्लीनं गेला नाही. सरळ विठू मिस्त्रीच्या गॅरेजसमोर गाडी उभी केली.

“काय काळूदादा, रस्ता चुकलास?” विठू म्हणाला.

“दार बघ.”

“कुठलं? उघाडीचं का गाडीचं?”

 काळुराम म्हणाला, “लेक बसणार हाय त्यात. पयली खेप हाय तिची. पितरपाटाला पाच दिस राह्यलेत.”

विठूनं हातातल्या पान्याचं टोक पुसलं. “मग आल्या आल्या नाय का सांगायचं,” म्हणाला, आणि आधीची गाडी बाजूला घेऊन आमच्या दाराशी उकिडवा बसला.

दाराचं आतलं पॅनल निघालं, रॉडची क्लिप निघाली, तीन स्क्रू सुटले, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी उजेडात आलो. विठूनं मला डिझेलनं धुतलं. माझ्यातून काय काय निघालं म्हणून सांगू! चिमूटभर मीठ, लाकडाचा भुसा, मनालीच्या शाळेतली केसांची पिन, आणि एक बारीक पांढरा काटा. बघा, निवटीचा पुरावा. विठू म्हणाला कंगव्याचा दात आहे. म्हणू दे. तो माझ्या पोटात राहिला होता काय?

“घर चांगलं हाय याचं,” विठूनं मला उलटसुलट केलं. “जबडा, दात आणि स्प्रिंग गेलीत. असल्या जुन्या गाडीचं सामान दुकानात नाय मिळत. पुढं भंगारवाल्याकडे हीच गाडी एक उभी हाय. पुढचं डावं दार. डावं, ध्यानात ठेव.”

काळुराम गेला आणि खटका घेऊन आला. विठूनं बघितला आणि परत दिला.

“हा उजव्या दाराचा हाय. कुठं उभा राहून डावं ठरवलंस?”

“गाडीच्या तोंडापुढं.”

“तोंडापुढं उभा राह्यलास तर गाडीचं उजवं तुझ्या डाव्या हाताला येणार ना, काळूदादा. गाडीत बसून बघायचं असतं.”

एरवी काळुराम यावर आठवडाभर रुसला असता. त्या दिवशी निमूट गेला, भंगारातल्या गाडीत खरोखर बसला, डावा हात वर करून खात्री केली, आणि दुसरा खटका घेऊन आला.

तो बिचारा माझाच भाऊबंद. धडकेत त्याच्या घराचे कान तुटले होते, पण आतलं सगळं कोरं. त्याचा मालक म्हणे एकलकोंडा होता, शेजारी कधी कुणाला बसवलंच नाही. जबड्याला ‘खट्’ म्हणायची सवयसुद्धा नव्हती. विठूनं त्याचं आतलं काढून माझ्यात बसवलं, नवी क्लिप लावली, ग्रीस भरलं. खुंटीच्या एका बाजूला माझ्या जबड्यानं चर पाडला होता, म्हणून तिला सैल करून अर्धा फेरा फिरवली आणि न झिजलेली बाजू माझ्याकडे केली. इतक्या वर्षांनी तिनं कूस बदलली. मी तिला नवा दिसलो, ती मला नवी दिसली. दोघंही थोडी लाजलो.

आता तुम्ही म्हणाल, जबडा दुसऱ्याचा, दात दुसऱ्याचा, स्प्रिंग दुसऱ्याची, मग तू कोण? विठू मिस्त्रीच्या तोंडात वरची सगळी कवळी आहे. म्हणून त्याची जीभ काही दुसऱ्याची झाली नाही.

विठूनं दारात कागद धरून दार लावलं आणि कागद ओढला. फाटला, सुटला नाही. काळुरामला दार लावायला शिकवलं, “आपटू नको. दोन आवाज ऐकायचे. एक आला तर अर्धं लागलंय. दुसरा आला की मग लेक बसव.”

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा वरशाला. सीताबाई या खेपेला घरीच थांबली, लेक आली की तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकायला.

कृष्णाबाई ओटीवरून उतरल्या.  दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. गुडघा लावून ढकललं. निलेशला बाहेरून लोंबकळायला लावलं. मग पदर खोचून स्वतः आत बसल्या.

“आई, डबा देऊ का बरोबर?” निलेश म्हणाला.

“गप बस.” त्यांनी दार ओढलं. दोन आवाज. हँडलला बोट लावलं. दार उघडलं. त्या उतरल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उतरल्या. तिसऱ्यांदा उतरल्यावर म्हणाल्या, “कुणी केलं?”

“मिस्त्रीनं,” काळुराम म्हणाला. “मी नाय.”

“बरं केलंत.” एवढंच. पण मग त्यांनी सुनेला हाताला धरून आणलं, पाठीमागं उशी दिली, पट्टा पोटाखालून नीट घेतला, आणि दार स्वतः लावलं. दोन बोटांनी. मी सांगितलं ना, मी दार कसं लावतात ते बघतो. त्या दोन बोटांत बाईचा सगळा जीव होता. “दारावर रेलू नको गो,” त्या म्हणाल्या, आणि मग खिडकी धरून अर्धा तास बोलल्या.

नागोठणं ओलांडलं आणि मनाली झोपली. झोपली ती दारावर रेलूनच. डोकं काचेला, खांदा माझ्या अंगावर. सत्तावीस वर्षांत वकील, बाईसाहेब, सुकटीच्या पिशव्या, वादळ, काय काय धरलं मी. पण ही दोघं होती. नवा जबडा दोन दिवसांचा, त्याच्यावर आयुष्यात कधी कुणी टेकलं नव्हतं. मला घाम फुटला. ग्रीस असेल, पण मला घामच वाटला.

कासूच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला डावीकडच्या पायवाटेवरून न बघता रस्त्यावर आला. काळुरामनं स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. पुढं खड्डा होता. गाडी आपटली, आणि मनालीचा सगळा भार दारावर आला, दाराचा माझ्यावर, माझा त्या कोऱ्या जबड्यावर. असलंच उजवीकडचं वळण, ज्याला मी नेहमी हात सोडायचो. खुंटी कण्हली. स्प्रिंग ताणली गेली. मी जबड्याला म्हणालो, मालक एकलकोंडा होता तो तुझा, आता घरात माणसं आहेत. धर.

त्यानं धरलं.

काळुरामचा डावा हात लेकीच्या दंडावर गेला होता. ती जागीसुद्धा झाली नाही, नुसती कुशीत सरकावं तशी दाराला आणखी चिकटली. त्यानं गाडी कडेला घेतली. हात लांब करून दार चाचपलं, एकदा, दोनदा. मग कपाळ पुसलं आणि निघाला. 

आत्ता आम्ही घरासमोर उभे आहोत. दुपार कलली आहे. सीताबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी कधीची उभी. काळुराम गाडीला वळसा घालून माझ्याकडे आला, हँडलला हात घातला, आणि थांबला. काचेला लेकीचा गाल चपटा होऊन चिकटलेला. दार उघडलं तर ती बाहेर कलंडेल.

“उठवा की तिला,” सीताबाई म्हणाली.

“झोपू दे.”

“अवो, तुकडा सुकून जाईल.”

“दुसरा कर.” काळुराम उंबऱ्याशी पायरीवर जाऊन बसला.

सीताबाई आत गेली नाही. तांब्या खाली ठेवून तीही त्याच्या शेजारी बसली. दोघं दाराकडे बघत आहेत. इतकी वर्षं मला कुणी असं बघितलं नव्हतं, आणि आत्ताही ते मला बघत नाहीत, हे मला कळतं. मनालीचा श्वास पत्र्यातून माझ्यापर्यंत येतो. तिच्या श्वासाखाली दुसरी एक बारीकशी हालचाल आहे, मधूनच दाराला आतून टोचल्यासारखी. ती निवटी नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

तेव्हा आता निरोप घेतो. पुढचं बोलायचं तर तोंड उघडावं लागेल, आणि ती जागी होईपर्यंत मला ते मिटूनच ठेवायचं आहे. तुम्ही या वाटेनं जात असाल तर जरा सावकाश जा.